एका तिकिटात दक्षिणेची फेरी



आपल्या निपाणीत रेल्वे स्टेशन नाही. रेल्वेनं लांब जायचं तर आधी एसटी, मग कोल्हापूर, मिरज, चिकोडी रोड नाहीतर बेळगाव. दक्षिणेची यात्रा करावी असं पुष्कळांच्या मनात असतं, पण दर ठिकाणच्या वेगळ्या तिकिटाचा विचार आला की बेत मागं पडतो. अशांसाठी रेल्वेकडे एक जुनी सोय आहे. तिचं नाव सर्क्युलर जर्नी तिकीट. खिडकीवर याच नावानं विचारा.

ज्या स्टेशनवरून निघाल तिथंच परत यायचं आणि वाटेत जास्तीत जास्त ८ ठिकाणी उतरायचं, असं हे तिकीट. भाड्याचा हिशेब गमतीचा आहे. एकूण अंतराचे दोन समान भाग करतात आणि तेवढ्या लांबीच्या दोन प्रवासांचं भाडं घेतात. म्हणजे ३००० किलोमीटरची फेरी असेल, तर दीड-दीड हजार किलोमीटरच्या दोन तिकिटांचं. रेल्वेत अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर उतरतो. त्यामुळे नऊ टप्प्यांची नऊ तिकिटं काढण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. मुदतही भरपूर असते. प्रवासासाठी दर ४०० किलोमीटरला एक दिवस आणि मुक्कामासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस. ३००० किलोमीटरला साधारण तीन आठवडे सहज मिळतात.

आता आपल्या भागातून फेरी कशी आखायची ते पाहू. बेळगावहून निघा. मिरजमार्गे पहिला थांबा पंढरपूर. कुर्डुवाडीवरून दुसरा सोलापूर. तिथून अक्कलकोट आणि तुळजापूर एसटीनं उरकता येतं. पुढे गुंतकल, रेणिगुंटा करून तिसरा तिरुपती. काटपाडी, विल्लुपुरम मार्गे चौथा मदुराई. मग तिरुवनंतपुरम, एर्नाकुलम, आणि मंगळूर ओलांडून कोकण रेल्वेनं उडुपी. आठवा थांबा मडगाव. शेवटी कुळे, कॅसलरॉक, लोंढा करत परत बेळगाव. हा दूधसागरचा घाट दिवसाउजेडी पार पडेल अशी गाडी निवडा. रामेश्वर आणि कन्याकुमारी मात्र फाट्यावर आहेत. जाऊन त्याच वाटेनं परत यावं लागतं, म्हणून मदुराईहून रामेश्वरचं आणि नागरकोइलहून कन्याकुमारीचं तिकीट वेगळं काढावं.

निघायचं कधी? संक्रांत झाल्यावर. तमिळनाडूत पावसाचा जोर ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, आणि शबरीमलाच्या यात्रेमुळे संक्रांतीपर्यंत केरळच्या गाड्या भरलेल्या असतात. दोन्ही उरकल्यावर निघालं की प्रवास सुखाचा होतो. फक्त पंढरपूरला माघी एकादशीची तारीख बघून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तिकीट हातात आलं म्हणजे बर्थ मिळाला असं नाही. प्रत्येक टप्प्याचं आरक्षण वेगळं करायचं, त्याचा आकार वेगळा, गाडी सुपरफास्ट असेल तर तोही आकार वेगळा. आणि आरक्षण आता १२० नव्हे, ६० दिवस आधी उघडतं. म्हणून दिवाळीच्या आत टप्पे, तारखा आणि गाड्यांचे नंबर एका कागदावर लिहून काढा. हे तिकीट मोबाइलवर निघत नाही. बेळगावच्या आरक्षण पर्यवेक्षकांना भेटा. मंजुरी हुबळी विभागाच्या वाणिज्य कार्यालयाची लागते. मिरजेहून निघणार असाल तर विभाग पुणे. रात्रीच्या टप्प्यांचं आरक्षण आधी पक्कं करा. दोन दिवस मोकळे ठेवा, म्हणजे एखादी गाडी चुकली तरी पुढची माळ तुटत नाही. ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, हे धरूनच खर्चाचा अंदाज बांधा.

ज्यांची मुलं जर्मनीला, नेदरलँडला आहेत, त्यांनाही हाच धडा उपयोगी पडेल. तिथं युरेल पास आहे. तो १९५९ साली सुरू झाला आणि आज ३३ देशांत चालतो. आपलं तिकीट किलोमीटर मोजतं, तो दिवस मोजतो. महिन्याभरात कोणतेही ५ किंवा ७ दिवस प्रवास करा, अशी त्याची रीत. रात्रीच्या गाडीला फक्त निघण्याचा दिवस धरतात. ६० वर्षांपुढच्यांना सवलत आहे. युरेल युरोपाबाहेरच्यांसाठी, तिथं राहणाऱ्या मुलानं स्वतःसाठी इंटररेल पास घ्यायचा. तिथंही पास म्हणजे जागा नव्हे. फ्रान्स, इटली, स्पेनच्या वेगवान गाड्यांना वेगळे पैसे भरून आरक्षण करावंच लागतं. जर्मनी, स्वित्झर्लंडच्या बहुतेक गाड्यांत पासवर तसंच चढता येतं. लंडनला जायचं असेल तर युरोपचा शेंगेन व्हिसा चालत नाही, ब्रिटनचा वेगळा काढावा लागतो.

तेव्हा श्रोतेहो, फेरी इथली असो की तिकडची, आधी नकाशावर वर्तुळ पूर्ण करा, मग थांबे ठरवा, मग तारखा, आणि पैसे भरायला सगळ्यात शेवटी जा. थांबे ठरवताना घरच्या वयस्क माणसांना किती चालवेल, हे मात्र सगळ्यांत आधी विचारा. आठ थांब्यांची मुभा आहे म्हणून आठही घेतलेच पाहिजेत असं नाही. पाचच घेतलेत तरी फेरी पुरीच होते.