काकांची लिट फाइल
(गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संगणकावर भाषण आहे म्हटल्यावर पहिल्या रांगेतली ज्येष्ठ मंडळी घड्याळाकडे पाहू लागतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी एका पुस्तकापासूनच सुरुवात करतो.

आपल्या मंडळाचे एक जुने सभासद होते. आपण सगळे त्यांना नुसते 'काका' म्हणत असू. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर २००३ साली त्यांनी आपल्या आठवणी टाइप केल्या, त्याही इंग्रजीत; कारण नातवंडे इथेच वाढलेली, देवनागरी अडखळत वाचणारी. इथे पहिली मराठी कुटुंबे कशी आली, पहिला गणपती कोणाच्या व्हरांड्यात बसला, हे सगळे त्यात आहे. त्या काळी वर्डला एक छोटी जोड बसवली की लिहिलेल्या मजकुराचे मायक्रोसॉफ्ट रीडरसाठी पुस्तक तयार होत असे. काकांना त्याचे भारी कौतुक. पुस्तक सीडीवर उतरवले आणि वर्डची मूळ फाइल काही त्यांनी ठेवली नाही.

काका गेले, सीडी राहिली. गेल्या वर्षी त्यांच्या नातीने ती आपल्या लिनक्सच्या संगणकावर लावली. फाइल दिसते, उघडत मात्र नाही. नावाच्या शेवटी 'लिट' असे शेपूट. ती मला म्हणाली, "काका, आजोबा आत आहेत आणि दार सापडत नाही."

हे लिट प्रकरण काय आहे? मायक्रोसॉफ्टने २००० साली रीडर आणले. ते विंडोजवर आणि खिशात मावणाऱ्या पॉकेट पीसीवर चाले. मॅक आणि लिनक्ससाठी ते कधी निघालेच नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाने जुनी इंग्रजी पुस्तके या प्रकारात फुकट दिली होती. पुढे ऑगस्ट २०१२ मध्ये कंपनीने रीडर बंद केले. पुस्तके लोकांच्या घरात राहिली, वाचण्याचे साधन गेले.

गंमत अशी, की लिटच्या आत फारसे गूढ काही नसते. वेबपेजला जी एचटीएमएल भाषा वापरतात, तीच आत असते. सोबत चित्रे आणि प्रकरणांचा क्रम सांगणारी एक यादी. हे सगळे दाबून एका बंद डब्यात भरलेले. फराळ ओळखीचाच, डब्याचे झाकण तेवढे परके! त्यामुळे रूपांतर करणे म्हणजे झाकण उघडून तोच फराळ दुसऱ्या डब्यात ठेवणे.

हे काम करणारा 'कॅलिबर' हा मोफत प्रोग्राम कोविद गोयल या भारतीय प्रोग्रामरने २००६ मध्ये सुरू केला. तो विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. काकांची फाइल त्यात ओढून टाकली, 'ईपब' हा प्रकार निवडला, बटण दाबले. चहा उकळायच्या आत पुस्तक तयार. ईपब का? तो खुला प्रकार आहे. त्याची रचना सर्वांना ठाऊक असल्यामुळे कोणीही त्यासाठी वाचक-प्रोग्राम लिहू शकतो.

वेळ लागला तो पडताळणीला. एका सभासदाच्या माळ्यावर एक्सपीचा जुना संगणक होता, रीडर बसवलेला. नात आणि मी दोन पडदे शेजारी ठेवून पानन् पान ताडून पाहिले. फोटो सगळे आले होते. अनुक्रमणिका मात्र विस्कटली होती आणि दोन ठिकाणी परिच्छेद एकमेकांना चिकटले होते. ते हाताने दुरुस्त केले. मूळ लिट फाइल तशीच जपून ठेवली आहे. रूपांतर झाले म्हणून मूळ फेकू नये.

इथे एक महत्त्वाची गोष्ट. काकांच्या फाइलीला कुलूप नव्हते, आणि पुस्तक त्यांचेच होते. विकत घेतलेल्या पुष्कळ ई-पुस्तकांना कुलूप असते. कॅलिबर ते काढत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५-अ आले. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. उलट बाजूही ऐका. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले दुसरे पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा विकलेली पुस्तके गिऱ्हाइकांच्या यंत्रांवरून नाहीशी झाली. पैसे परत दिले, आणि ज्यांनी पुस्तकात टिपणे केली होती त्यांना वर पंचवीस डॉलर. समासातल्या टिपणांची किंमत कोणी आणि कशी ठरवली, देव जाणे.

आपल्या मराठी फाइलींचे दुखणे याहून वेगळे. श्रीलिपी, आकृती अशा जुन्या फाँटांत केलेला मजकूर उघडतो, पण तो फाँट नसेल तर 'गणपती'च्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. तिथे अक्षर न् अक्षर युनिकोडमध्ये बदलावे लागते. त्यासाठी परिवर्तक मिळतात, पण जोडाक्षरे आणि रफार हमखास चुकतात; मराठी जाणणाऱ्या माणसाने वाचल्याशिवाय ते काम पुरे होत नाही. मंडळाच्या कपाटात जुन्या स्मरणिकांच्या सीड्या आहेत, त्या याच जातीच्या आहेत.

काकांचे पुस्तक आता नातीच्या फोनवर आहे. तिसऱ्या प्रकरणात पहिल्या उत्सवाच्या वर्गणीची यादी आहे. तुमच्यापैकी कित्येकांच्या वडिलांची नावे त्यात सापडतील. घरच्यांच्या परवानगीने ते आपल्या वाचनालयात ठेवले आहे. ज्यांच्याकडे जुन्या सीड्या किंवा फ्लॉपी असतील, त्यांनी आरतीनंतर प्रवेशदाराजवळच्या टेबलापाशी यावे. फ्लॉपीचा ड्राइव्ह मी सोबत आणला आहे.