रस्ता बुडण्याआधीचे पाच तास

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या माणसाला पुराचं नवल नसतं. शिरोळ तालुक्यातल्या माझ्या गावात पूर पाहुण्यासारखा यायचा. दोन दिवस राहायचा आणि मळीच्या रानात गाळ टाकून निघून जायचा. २००५ साली हा पाहुणा घरात शिरला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यानं घरच ताब्यात घेतलं. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तिथं पाणी ५७ फुटांवर गेलं. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला. दूध, भाजी आणि इंधनाच्या गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

त्या पुरातली एक रात्र मी विसरू शकत नाही. दुपारी तीनच्या सुमारास ओढ्यावरच्या पुलावर पाणी आलं आणि गावाचा रस्ता गेला. रात्री आठ वाजता गल्लीतल्या एका सुनेला कळा सुरू झाल्या. तिला अंधारात, टॉर्चच्या उजेडात, नावेतून न्यावं लागलं. ओढ्याला ओढ होती. आई आणि बाळ दोघंही सुखरूप आहेत, पण त्या नावेत असलेले आम्ही चौघं आजही त्या विषयावर फारसं बोलत नाही. तिचे दिवस भरलेत हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. दुपारी तीनपर्यंत ट्रॅक्टरनं तिला वीस मिनिटांत पोचवलं असतं. ट्रॅक्टर गावात होते, डिझेल होतं, चालवणारे होते. नव्हतं ते एवढंच, की आधी कुणाला न्यायचं आणि कुणी न्यायचं, हे कुणी ठरवलेलं नव्हतं.

आपत्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं रबरी बोटी आणि हेलिकॉप्टर येतात. जवान जिवावर उदार होऊन काम करतात, त्यांना माझा नमस्कार. पण मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, म्हणून एक साधं उदाहरण घालतो. गाव दोन हजार वस्तीचं. निम्मे लोक आपापल्या गाड्यांनी किंवा चालत बाहेर पडले असं धरू. उरले हजार. नावेत एका वेळी दहा माणसं आणि जाऊन येऊन चाळीस मिनिटं धरली, तर उजेडाच्या दहा तासांत पंधरा फेऱ्या होतील, म्हणजे दीडशे माणसं. एका नावेनं हजार माणसं काढायला जवळजवळ आठवडा लागेल. आता दहा ट्रॅक्टर घ्या. ट्रॉलीत वीस माणसं, फेरीला एक तास. तासाला दोनशे माणसं बाहेर. हजार माणसं पाच तासांत कोरड्या जागी.

मात्र हे पाच तास रस्ता बुडण्याआधीचे हवेत. आणि ट्रॉल्या कुठून आणायच्या, हा प्रश्न आपल्या ऊसपट्ट्याला पडू नये. गळीत हंगाम संपला की पावसाळाभर त्या मोकळ्याच उभ्या असतात.

नावेच्या फेऱ्या घाईनं वाढवायला गेलं की काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. त्याच ऑगस्टमध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावकऱ्यांना नेणारी नाव उलटली आणि दहाहून जास्त जीव गेले. नाव ही शेवटच्या माणसासाठी असते. साऱ्या गावाचा भार तिच्यावर पडू देऊ नये.

ओडिशाकडे बघा. ऑक्टोबर १९९९ च्या चक्रीवादळात तिथं सुमारे दहा हजार माणसं दगावली. २०१३ साली फायलिन वादळ आलं, तेव्हा ते किनाऱ्याला लागण्याआधीच दहा लाखांच्या आसपास लोक हलवले गेले. बळींची संख्या पन्नासच्या आत राहिली. वाऱ्याला कुणी अडवलं नव्हतं. माणसं वेळेत हलली होती.

आता सामानाचं बघू. २०१९ मध्ये आमच्या घराघरांत ज्वारी-गहू होता. पण वीज गेली, गिरणी बंद पडली आणि धान्य असून पीठ नाही अशी गत झाली. तेव्हा पोती मोजून थांबू नका. पावसाळ्यात घरात आठवड्याचं पीठ, तांदूळ, डाळ आणि पोहे-चुरमुरे उंचावर ठेवलेले असू द्या.

पाण्याची गंमत तर अशी, की पुरात पहिली टंचाई पिण्याच्या पाण्याची होते. नळयोजनेची जॅकवेल नदीकाठी, तीच आधी बुडते. प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी रोज तीन लिटर धरा. दोन हजार माणसांना पाच दिवसांचे तीस हजार लिटर होतात, म्हणजे दहा हजारांचे तीन टँकर. हे टँकर रस्ता बुडाल्यावर येणार नाहीत. म्हणून इशारा मिळताच उंचावरच्या टाक्या, पिंपं, कळशा भरून झाकून ठेवायच्या. टीसीएल पावडर कोरड्या जागी हलवायची. शंका वाटली तर पाणी उकळूनच प्यायचं.

बाहेरून मदत आली ती मनापासून आली. पण बिस्किटांचे पुडे ढिगानं आले आणि रक्तदाबाची गोळी मिळेना. दोष पाठवणाऱ्यांचा नव्हता. काय हवं ते आम्ही कळवलंच नव्हतं. नेहमीची औषधं पंधरा दिवसांची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावीत. त्याच पिशवीत रेशनकार्ड आणि बँकेचं पासबुक.

आणखी एक गोष्ट शहरातल्या मंडळींना पटकन कळत नाही. दावणीला म्हैस बांधलेली असताना आमचा माणूस घर सोडत नाही. त्याला हट्टी म्हणू नका. ती म्हैस म्हणजे त्याच्या घरची चूल आहे. म्हणून जनावरं आधी हलवायची, रस्ता कोरडा असतानाच. वैरण त्यांच्याबरोबर जायला हवी. गोठा रिकामा झाला की मालक आपोआप निघतो.

पूर ओसरल्यावर आम्ही शंभर पानी वही घेतली. पहिल्या पानावर लाल शाईनं एक आकडा लिहिला. पंचगंगेवर राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे रेडिओ सांगतो. पण त्यातल्या कितव्या फुटाला आपला ओढ्यावरचा पूल जातो, हे आपल्या गावालाच ठाऊक असतं. म्हाताऱ्यांना विचारून, जुन्या खुणा बघून तो आकडा काढला. त्याच्या आधी पाच तास मिळतील असा दुसरा आकडा ठरवला आणि तो निघायचा आकडा मानला.

पुढच्या पानांवर गरोदर बायका, आजारी, अपंग, एकटी म्हातारी माणसं. ही यादी आशाताईंनी अर्ध्या तासात सांगितली. मग कोणतं घर कोणत्या ट्रॅक्टरवर. मग डिझेलचे कॅन कुठं आणि उंचावरच्या शाळेची किल्ली कुणाकडं. २०१९ ला किल्ली ज्यांच्याकडं होती ते परगावी राहत होते. शेवटी कुलूप फोडलं. वही कागदाचीच ठेवली, कारण वीज गेली की मोबाइल दुसऱ्या दिवशी मुका होतो. नियंत्रण कक्षाचा १०७७, रुग्णवाहिकेचा १०८ आणि ११२ हे क्रमांकही तिच्यातच लिहिले.

२०२१ च्या जुलैत परीक्षा झाली. देवळाच्या भोंग्यावरून सांगितलं, पहाटे जनावरं गेली, पहिल्या फेरीत यादीतली माणसं गेली. सगळं सुरळीत झालं असं नाही. एका ट्रॅक्टरची बॅटरी उतरलेली निघाली, एकाचा चालक सासुरवाडीला गेलेला. आता प्रत्येक ट्रॅक्टरपुढं दोन नावं असतात आणि जूनमध्ये सगळे सुरू करून बघतो. त्या वर्षी नाव लागली ती मागं राहिलेल्या सात जणांना आणायला.

श्रोतेहो, आपलं गाव नदीकाठी नसेल. डोंगराखाली असेल, खाडीशेजारी असेल किंवा किल्लारीसारखं भूकंपाच्या पट्ट्यात असेल. संकट वेगळं, तशी वहीही वेगळी. भूकंप आधी सांगून येत नाही, तिथं निघायचा आकडा नसतो. पण यादी, वाहन आणि किल्ली तिथंही लागते. या रविवारी चावडीवर किंवा सोसायटीच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. आपला रस्ता केव्हा बंद होतो? आधी कुणाला न्यायचं? आणि कुणी न्यायचं? तिन्हींची उत्तरं नावानिशी मिळाली, तर वही निम्मी लिहून झाली असं समजा.

त्या रात्री जन्मलेली मुलगी आता शाळेत जाते. पाढे म्हणताना अडखळते, पण पाणी कितव्या फुटाला आलं की निघायचं, तो आकडा तिला पाठ आहे.