मतदारांचा कौल आणि न्यायासन

संघराज्यात एकाच भूमीवर दोन सरकारांची सत्ता नांदते. सामान्य नागरिकाला एरवी या दुहेरी सत्तेची जाणीव होत नाही. परंतु एका सरकारचा कायदा ज्या गोष्टीला मुभा देतो, तीच दुसऱ्याच्या लेखी अपराध ठरली, तर त्याने कोणाचा शब्द प्रमाण मानावा? अमेरिकेत हा प्रश्न गांजाच्या निमित्ताने उभा राहिला.

1970 च्या केंद्रीय कायद्याने गांजाची गणना पहिल्या अनुसूचीत केली. म्हणजे त्याला मान्य असा वैद्यकीय उपयोगच नाही, असे ठरविले. उलट 1996 च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी थेट मतदानाने, 55 टक्क्यांहून अधिक मतांनी, डॉक्टरांच्या शिफारशीवरून रुग्णाला गांजा बाळगण्याची व लावण्याची मोकळीक दिली. केंद्र सरकारने अशी शिफारस करणाऱ्या डॉक्टरांनाच धाक घातला. पण रुग्णाला प्रामाणिक सल्ला देणे हा भाषणस्वातंत्र्याचा भाग होय, असा निर्वाळा तेथील केंद्रीय अपील न्यायालयाने 2002 मध्ये दिला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका रुग्ण स्त्रीच्या घरी स्थानिक पोलीस आणि केंद्रीय अधिकारी एकाच वेळी येऊन थडकले. राज्याच्या कायद्याप्रमाणे तिचे वर्तन निर्दोष आहे, असे स्थानिक पोलिसांनी ठरविले. केंद्रीय अधिकाऱ्यांना ते मान्य होईना. तीन तासांच्या वादानंतर त्यांनी तिची सहाही झाडे उपटून नष्ट केली. ती स्त्री आणि आणखी एक रुग्ण स्त्री न्यायालयात गेल्या. हे औषध बंद झाल्यास दुसरीच्या जिवावर बेतेल, असे तिच्या डॉक्टरांचे मत होते.

अमेरिकेच्या राज्यघटनेने केंद्राला दिलेले अधिकार मोजके आहेत; उरलेले राज्यांकडे अथवा जनतेकडे राहतात. मात्र आंतरराज्य व्यापाराचे नियमन केंद्राकडे आहे. अंगणातल्या, कधीही न विकल्या जाणाऱ्या सहा झाडांचा व्यापाराशी संबंध तो काय? उत्तरासाठी न्यायालयाने 1942 चा एक निकाल पुढे केला. ओहायोतील एका शेतकऱ्याला 11.1 एकरांत गहू पेरण्याची परवानगी होती. त्याने 23 एकरांत पेरला. जादा गहू घरीच लागतो, हा बचाव टिकला नाही. सर्वांनीच असे केले तर बाजारभाव ढासळेल, असा तो तर्क होता. तोच तर्क गांजालाही लावून सर्वोच्च न्यायालयाने 6 जून 2005 रोजी, सहा विरुद्ध तीन मतांनी, केंद्राच्या बाजूने कौल दिला.

या निकालात न्यायमूर्तींची सहानुभूती एकीकडे आणि निर्णय दुसरीकडे दिसतो. बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या स्टीव्हन्स यांनी रुग्णांचे दुःख नाकारले नाही. मतदारांचा आवाज एक दिवस संसदेच्या सभागृहात ऐकू येईल, अशी आशाही व्यक्त केली. विरोधी मत देणाऱ्या ओकॉनर यांनी तर स्पष्ट लिहिले की, त्या स्वतः मतदार असत्या तर या कायद्याला मत देत्या ना. तरीही नवा प्रयोग करून पाहण्याचा राज्याचा हक्क त्यांना रक्षणीय वाटला. स्वतःला नापसंत असलेल्या कायद्याच्या हक्कासाठी उभे राहणे, ही न्यायबुद्धीची खरी कसोटी होय.

निकालाने राज्याचा कायदा रद्द झाला नाही. रुग्णाला मिळणारे संरक्षण मात्र अर्धेच राहिले. पुढे 2014 च्या डिसेंबरात संसदेने केंद्रीय न्यायखात्याच्या खर्चावर बंधन घातले: अशा राज्यांच्या वैद्यकीय गांजाविषयक कायद्यांच्या अंमलबजावणीत अडथळा आणण्यासाठी निधी वापरता येणार नाही. 2016 मध्ये अपील न्यायालयाने त्याचा अर्थ लावला की, राज्याचे नियम काटेकोर पाळणाऱ्यांवर त्या निधीतून खटले चालविता येत नाहीत. गुन्हा कागदावर तसाच राहिला; शिक्षेची थैली तेवढी बांधली गेली.

मतपेटीतून एका राज्याची इच्छा प्रकट होते. न्यायासन तिची घटनात्मक मर्यादा सांगते. ती मर्यादा ज्या कायद्याने घातली, तो बदलण्याचे काम मात्र अखेर लोकप्रतिनिधींचेच असते. त्यांना विलंब होतो तेव्हा त्याची किंमत रोगशय्येवरच्या माणसाला मोजावी लागते.