गाडी ओढणारे विद्यार्थी

मी म्हैसूरच्या मेटगळ्ळीत राहतो. कारखान्यांची वस्ती; घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. म्हैसूर विद्यापीठाची मानसगंगोत्री इथून फार लांब नाही.

हे विद्यापीठ १९१६ सालचं. महाराज चौथे कृष्णराज वडियार आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांनी उभं केलेलं. विश्वेश्वरय्या म्हणजे आपल्या खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांचे, पुण्यात शिकलेले!

सर्वपल्ली राधाकृष्णन १९१८ ते १९२१ इथल्या महाराजा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होते. रवींद्रनाथांच्या तत्त्वज्ञानावरचं त्यांचं पुस्तक त्याच काळातलं. पण म्हैसूरकर सांगतात ते वेगळंच. ते कलकत्त्याला निघाले, तेव्हा विद्यार्थ्यांनी घोडागाडी फुलांनी सजवली, घोडे सोडले आणि स्वतः ओढत गाडी स्टेशनवर नेली. हा कार्यक्रम कुठल्या समितीनं ठरवला होता?

दुसरे कुवेंपू. इथेच शिकले, इथेच शिकवलं, १९५६ ते ६० कुलगुरू. मानसगंगोत्री हे नावही त्यांचंच. ‘श्रीरामायणदर्शनम्’ लिहायला त्यांना नऊ वर्षं लागली. १९६७ चं ज्ञानपीठ त्यालाच मिळालं. आता प्राध्यापकांना दरवर्षी फॉर्म भरावा लागतो: यंदा किती शोधनिबंध, किती चर्चासत्रं? नऊ वर्षं चाललेल्या कामाला त्यात रकाना नाही. मोजणी हवीच, पैसा लोकांचा आहे. पण तुमच्या विभागातल्या निवृत्त होणाऱ्या सरांबद्दल यंदाच्या अहवालात काय लिहायचं, हे एकदा त्यांच्या विद्यार्थ्यांना विचारून बघा ना.