जुन्या इमारतीचं काय करायचं?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला पाच मिनिटं दिली आहेत. बांधकाम खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाचं पाच मिनिटांत काही होत नाही, तरी प्रयत्न करतो.

मुलं सिडको-गारखेड्याकडे गेली, मागोमाग शाळाही गेली. जुन्या शहरातली आपली इमारत रिकामी पडली आहे. सकाळपासून तीन मतं ऐकली : दुकानं काढा, सभागृह करा, वृद्धाश्रम काढा. माझं मत तिसऱ्याच्या जवळचं, पण ‘आश्रम’ हा शब्द मला नको.

१९९५ साली सरकारने मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आणली, आपल्याकडचा पैठण रस्त्यावर आहे. २००७च्या कायद्यातही जिल्ह्याला किमान एक, दीडशे निराधार ज्येष्ठांना पुरेल असा वृद्धाश्रम असावा, अशी तरतूद आहे. दुसऱ्या टोकाला पुण्याची ‘अथश्री’, तिथल्या किमती आपल्यातल्या किती जणांना झेपतील? मधल्या माणसाने कुठे जायचं? विनाअनुदानित तुकडीवर उभं आयुष्य शिकवलं, पेन्शन नाही, मुलगा पुण्यात दोन खोल्यांत राहतो, अशा बाई आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत. त्यांना दया नको. परवडेल अशा भाड्याची खोली हवी, आणि रात्री हाक मारली तर ऐकणारं कुणी हवं.

मागच्या रविवारी टेप घेऊन गेलो होतो. तळमजल्यावर सात वर्ग, प्रत्येक वीस बाय चोवीस. एक वर्ग स्वयंपाक-जेवणाला ठेवला, तर उरलेल्या सहांतून बारा खोल्या निघतात. खोलीतच संडास-मोरी हवी. आपले संडास मैदानाच्या टोकाला होते, आठवतं? पाइपांसाठी फरशी उचलली तर दारात पायरी येते, आणि म्हातारपणी पडायला तेवढी पुरते. म्हणून खोदूनच पाइप घालायचे. जोतं अडीच फूट उंच, म्हणजे एकास बाराच्या उताराने तीस फुटांचा रॅम्प. तो आपल्या प्रार्थनेच्या जागेतून जाईल, त्याला इलाज नाही. वरचा मजला बंदच ठेवू. लिफ्ट बसवली की तिचा खर्च भाड्यावर येणार. आणि पाणी! आपल्या शहरात नळ किती दिवसांनी येतो, ते मी सांगायला नको. आधी मोठी टाकी, मग रंग.

आपली संस्था सार्वजनिक न्यास आहे. इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने चालवायला द्यायची, तर १९५०च्या कायद्याच्या कलम ३६प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. वापर बदलायचा तर महापालिकेकडे जावं लागेल. संस्थेच्या घटनेत उद्देश फक्त शिक्षणाचा असेल, तर पहिली अडचण तीच. समोर तीन वकील बसलेत. त्यांनी आज जेवणाच्या रांगेत माझ्यापासून तोंड चुकवू नये.

देणग्यांची यादी पाहिली. प्रत्येकाला वर्गावर आईवडिलांच्या नावाची पाटी हवी आहे. खरं सांगतो, मलाही हवी होती. पण निम्मा खर्च जमिनीखाली जाणार आहे, तिथे पाटी लागत नाही. पैसे ड्रेनेजसाठी द्या.

आणखी एक. खोल्या देताना माजी विद्यार्थ्यांना प्राधान्य नको. नाहीतर दहा वर्षांत आपणच बारा जण तिथे पत्ते कुटत बसू आणि बाई बाहेरच राहतील.

येत्या रविवारी सकाळी नऊला मी जुन्या फाटकाशी असेन. टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी या.