मोटार का जळते?



विजेच्या मोटारी आणि त्यांना थंड ठेवणारे पंखे हा विषय समारंभाच्या दृष्टीने काहीसा रुक्ष आहे, याची मला कल्पना आहे. परंतु पालकहो, हा विषय तुमच्या घराबाहेरचा नाही. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा येथे कारखाने आहेत आणि भोवतालच्या खेड्यांत विहिरी व बोअर आहेत. तेथील जळालेल्या मोटारी रिवाइंडिंगच्या दुकानात येतात, आणि त्या दुकानात पुष्कळदा आपलीच मुले बसलेली असतात. ती तार गुंडाळतात, वार्निश देतात, मोटार पुन्हा चालू करून देतात. हे हुनर मोठे आहे. मात्र सहा महिन्यांनी तीच मोटार जळून परत आली, तर "ही का जळली?" असे विचारणारा मुलगा क्वचितच भेटतो. माझे आजचे सांगणे या एका प्रश्नाविषयी आहे.

प्रथम उष्णतेचा हिशेब पाहू. दहा अश्वशक्तीची मोटार घ्या. तिची कार्यक्षमता ८८ टक्के असेल, तर पूर्ण भारावर सुमारे १००० वॅट वीज कामी न येता उष्णता बनते. म्हणजे मोटारीच्या पोटात एक विजेची शेगडीच अखंड पेटलेली असते. ही उष्णता बाहेर गेली नाही, तर तारेवरचे आवरण करपते. आवरणाचे वर्ग ठरलेले आहेत. 'बी' वर्ग १३० अंश सेल्सिअसपर्यंत, 'एफ' १५५ पर्यंत आणि 'एच' १८० पर्यंत टिकतो. त्या मर्यादेच्या वर दर १० अंशांमागे आवरणाचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. शिवाय मोटारीची क्षमता भोवतालची हवा ४० अंश धरून लिहिलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा त्याच्याही वर जातो. पत्र्याच्या शेडखाली तर विचारूच नका.

उष्णता आपोआप नाहीशी होत नाही, कोणीतरी ती वाहून न्यावी लागते. आपल्या पाणचक्कीचेच पाहा. तेथील मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे. म्हणून उन्हाळ्यातही ते दालन गार राहते. बोअरमधील पाण्यात बुडवलेल्या मोटारीलाही भोवतीचे वाहते पाणीच थंड ठेवते. पाण्याची पातळी उतरली आणि मोटार कोरडी चालली की ती जळते. अशा वेळी केवळ नवी तार भरून भागत नाही, कारण रोग विहिरीत असतो.

जमिनीवरच्या मोटारीचे काम वारा करतो. पूर्वीच्या उघड्या मोटारींत हवा आतूनच खेळत असे. पण जिनिंग, पिठाची गिरणी किंवा फाउंड्री यांतील धूळ व तंतू आत शिरून वाटा बुजत. म्हणून मोटार सर्व बाजूंनी बंद करण्यात आली, अंगावर पट्ट्या काढण्यात आल्या आणि मागच्या टोकाला दांड्यावरच पंखा बसवण्यात आला. त्यावरचे जाळीचे टोपण पट्ट्यांवरून वारा नेते. ते टोपण फेकून देणारा मनुष्य मोटारीचा गळा दाबत असतो. या पंख्याची पाती बहुधा सरळ असतात. मोटार कोणत्या दिशेने फिरवली जाईल हे बनवणाऱ्याला ठाऊक नसते, म्हणून ही तडजोड आहे. वक्र पाती कमी शक्तीत व कमी आवाजात अधिक वारा देतात, पण ती एकाच दिशेला. ती उलटी फिरली तर वारा घटतो.

आता कारखान्यांत मोटारीचा वेग कमी-जास्त करणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे आली आहेत. वेग निम्मा केला की दांड्यावरच्या पंख्याचा वाराही निम्मा होतो. मात्र ओझे तेवढेच असेल, तर तारेतील विद्युतप्रवाह फारसा कमी होत नाही. उष्णता बरीचशी तशीच आणि वारा मात्र अर्धा! याला उपाय म्हणून पंख्याला स्वतःची वेगळी छोटी मोटार देतात. नव्या यंत्राने नवा प्रश्न निर्माण केला आणि त्या प्रश्नातून नवी रचना निघाली.

असे प्रश्न कोण विचारतो? सॅम्युएल डेव्हिडसन हा आयर्लंडचा तरुण १८६४ साली कछारच्या चहामळ्यात कामाला आला. चहाची पाने वाळवण्याची रीत त्याला पसंत पडेना. गरम हवा पानांतून कशी खेचावी, या एका प्रश्नाचा त्याने अनेक वर्षे पाठपुरावा केला. त्यातून १८९८ साली त्याने एका नव्या पंख्याचे पेटंट घेतले. त्यात ढोलाच्या कडेवर पुष्कळ अरुंद, पुढे वळलेली पाती बसवलेली होती. त्याच्या यंत्रांचे नाव 'सिरॉको', म्हणजे वाळवंटावरून येणारा उष्ण वारा. हा शब्द अरबी 'शर्क' म्हणजे पूर्व, यावरून आला असे मानतात. आज एअर कंडिशनरमध्ये आणि ब्लोअरच्या कूलरमध्ये तोच ढोल फिरतो आहे.

आणि आपल्या परंपरेत? दियारबकरच्या दरबारातील अल-जझरी यांनी १२०६ साली यंत्रांवरचा आपला ग्रंथ पुरा केला. पाणी उपसण्याची यंत्रे, घड्याळे, कारंजी हे सर्व त्यांनी आकृत्या काढून आणि कृती सांगून लिहिले. ते स्वतः कारागीर होते, पण केवळ कारागीर राहिले नाहीत. त्यामुळेच १९७६ साली लंडनच्या सायन्स म्युझियमला त्यांचे एक जलघड्याळ पुन्हा उभे करता आले. हातातली विद्या हातापाशीच राहिली असती, तर ती त्यांच्याबरोबर गेली असती.

आपल्याच राज्यातील ताजे उदाहरण घ्या. मुंबईच्या आयआयटीतून शिकलेल्या तरुणांनी २०१२ साली अॅटमबर्ग ही कंपनी सुरू केली. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेत असे. त्यांनी चुंबकाच्या फिरत्या भागाची मोटार छताच्या पंख्यात बसवून तो आकडा २८ वॅटवर आणला. अशी मोटार मुळातच कमी तापते. ज्या शाळेत ४० पंखे रोज ६ तास चालतात, तेथे या फरकाने दिवसाला ११ युनिटांहून अधिक वीज वाचते. विद्यार्थ्यांनो, हा हिशेब आपल्या वर्गापासून करून पाहा.

म्हणून माझे दोन शब्द. मुलांनो, दुकानात बसत असाल तर जवळ एक वही ठेवा. मोटार किती अश्वशक्तीची, कुठे चालत होती, पंखा व टोपण होते का, आवरण कोठे करपले होते, हे सर्व लिहा. शंभर मोटारींची अशी वही इंजिनिअरलाही मोलाची वाटेल. त्यातून काही नवे सुचले, तर पेटंटचा अर्ज करण्यापूर्वी ते प्रदर्शनात मांडू नका. एकदा जाहीर झालेली गोष्ट बहुधा नवी धरली जात नाही. भारतात पेटंट २० वर्षांचे असते, आणि व्यक्तींना व शिक्षणसंस्थांना त्याच्या शुल्कात मोठी सवलत आहे.

पालकहो, मुलगा कमावता झाला म्हणून त्याची शाळा बंद करू नका, आणि मुलीला यंत्राची आवड असेल तर तिला अडवू नका. दोन वर्षांचा आयटीआय केल्यावर पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि डिप्लोमानंतर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. दुकानापासून महाविद्यालयापर्यंत वाट आहे, ती बंद होऊ देऊ नका.

मोटार दुरुस्त करणारे हात आपल्याकडे आहेत. ती का जळली हे सांगणारे आणि ती जळू नये अशी बनवणारे डोके आपल्याच मुलांचे असावे, अशी दुआ करून मी आपली रजा घेतो.