हातातला फोन आणि नाडीवरचा हात
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषणाचा मजकूर)



गोरेगावात पूर्वी डॉक्टरांची वेळ दवाखान्याच्या दारावरच्या पाटीवर लिहिलेली असे. अवेळी कुणाला बरे वाटेनासे झाले, तर चाळीतला एखादा मुलगा डॉक्टरांच्या घरी धावत जाई. ३१ जुलै १९९५ रोजी देशातील पहिला मोबाइल कॉल झाला. २००३ साली येणारे कॉल निःशुल्क झाले आणि पाहता पाहता फोन रिक्षाचालक व भाजीविक्रेत्यांच्याही खिशात आला. पाटी आजही दारावर आहे; परंतु रात्री साडेअकराला तपासणी अहवालाचा फोटो येतो आणि खाली प्रश्न असतो, 'डॉक्टर, काळजीचे काही आहे का?'

या बदलाने पुष्कळ भले केले, हे आम्ही प्रथम सांगतो. आरेच्या पाड्यावरील मधुमेही आजींना केवळ साखरेचा आकडा दाखवण्यासाठी स्टेशनपर्यंत यावे लागत नाही. रोजंदारीवरील कामगाराचा खाडा वाचतो. २०२० साली नेस्को मैदानावर कोविड केंद्र उभे राहिले, तेव्हा आप्तांना आत जाता येत नव्हते. त्या काळात कितीतरी घरांना आपले माणूस फोनच्या पडद्यावरच पाहावे लागले. त्याच वर्षी २५ मार्चला केंद्र शासनाने दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि फोनवरील सल्ल्याला स्पष्ट चौकट मिळाली.

तिची गरज का भासली, हे आपल्याच राज्यातील एका प्रकरणावरून कळते. रत्नागिरीत एका महिला रुग्णाला, रुग्णालयात डॉक्टर हजर नसताना, दूरध्वनीवरून औषध सांगण्यात आले आणि पुढे तिचा मृत्यू झाला. संबंधित डॉक्टर दांपत्याचा अटकपूर्व जामीन मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये नाकारला. फोनवर सल्ला द्यावा की नाही, असा संभ्रम त्यानंतर वैद्यकीय वर्तुळात पसरला होता.

आमच्याही वाट्याला एक धडा आला. छातीत जड वाटत असल्याचा संदेश एका गृहस्थांनी रात्री आमच्यातील एका डॉक्टरांना पाठवला. डॉक्टर झोपले होते. संदेश पहाटे वाचला गेला. सुदैवाने शेजाऱ्यांनी उत्तराची वाट न पाहता त्यांना रात्रीच रुग्णालयात नेले होते. रुग्णाच्या मते त्याने डॉक्टरांना कळवले होते. डॉक्टरांना मात्र काहीच कळले नव्हते. पूर्वी दार ठोठावणाऱ्या मुलाला दार उघडले की नाही, हे तरी समजत असे.

क्षयरोगाच्या उपचारातही असाच अनुभव आहे. '९९ डॉट्स' या पद्धतीत गोळी काढली की पाकिटावर एक क्रमांक दिसतो. रुग्णाने त्यावर निःशुल्क कॉल करायचा. साध्या फोनवर चालणारी ही युक्ती खरोखर उपयुक्त. तरीही कॉल आला म्हणजे गोळी पोटात गेलीच, असे म्हणता येत नाही. त्यासाठी घरी जाऊन विचारपूस करणारी आरोग्यसेविका लागतेच.

म्हणून आम्ही काही पथ्ये पाळू इच्छितो. नव्या तक्रारीसाठी शक्यतो प्रत्यक्ष तपासणी. फोन मुख्यतः पुढील पाठपुराव्यासाठी. दिलेल्या सल्ल्याची नोंद केसपेपरवर व्हावी. रुग्णाचे छायाचित्र अथवा अहवाल उपचाराबाहेरच्या कोणाकडे जाऊ नये. आपणासही विनंती, की छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे, शुद्ध हरपणे यांपैकी काहीही झाल्यास संदेश पाठवून थांबू नका. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा किंवा थेट जवळच्या रुग्णालयात या.

आणखी एक कबुली. समोर रुग्ण बसलेला असताना आमचीच नजर फोनकडे वळते. दूरच्या रुग्णाला उत्तर देताना जवळच्याचे बोलणे अर्धवट राहते. ही सवय आम्हालाच मोडावी लागेल.

पोट दाबून पाहिल्यावर कपाळावर उमटणारी आठी फोटोत येत नाही. 'आता बरे आहे' म्हणताना गिळलेला हुंदका संदेशात उतरत नाही. फोनने आपल्यातले अंतर कमी केले, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. नाडीवरचा हात मात्र आमचाच राहील, एवढे आश्वासन देतो आणि आपली रजा घेतो.